दहा आकड्यांची सवलत

तिला सगळे बटणताई म्हणत, आणि हे नाव काही लाडाचं नव्हतं. शिवणकामाच्या दुकानात जिला काजं-बटणांच्या पुढे कुणी सरकूच दिलं नाही, तिला दुसरं काय म्हणणार? तिशी गेली, चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी बाई आपली दाराजवळच्या स्टुलावर बसून बटणं लावतेय. काज करावं, बटण लावावं, दोरा दातानं तोडावा, पुढचा सदरा ओढावा. दुकान काकांचं. राहणंही काकांकडेच, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आणि काकूंचे टोमणे? ते ताटाबरोबरच वाढलेले असत, मागावे लागत नसत.

काकांना सगळा बाजार मास्तर म्हणे. गोड बोलून गळा कापणारा माणूस. गिऱ्हाइकासमोर आवाजात साखर, आणि पडदा सारून आत आला की तीच जीभ अशी चाले की ऐकणाऱ्यानं कान झाकावेत. कुणाचा एक टाका वाकडा गेला, तर सगळ्यांच्या देखत अख्खी शिवण उसवायला लावायचा. कुणी रजा मागितली, तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एवढं असून लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणत, आणि त्याचं कारण बटणताईच. मेलेल्या भावाची पोर सांभाळली ना त्यानं! ते सांभाळणं काय होतं, ते त्या पोरीला कधी कुणी विचारलं नाही.

तो भाऊ म्हणजे तिचा बाप, थोरले मास्तर. खरा कापणारा तो. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्यांचं माप यानं नजरेनं घेतलेलं असे, असं जुनी गिऱ्हाइकं अजून सांगत. ती पोर लहान असतानाच तो तापानं गेला. आई त्याच्याही आधी गेलेली. शिवणारे हवे तेवढे मिळतात हो, कापणारा एखादाच असतो. कपडा बिघडतो तो कात्रीखाली आणि जमतो तोही कात्रीखालीच. म्हणून मान कापणाऱ्याला. आतली खोली त्याची, उंच टेबल त्याचं, आणि आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली ती जड काळी कात्री त्याची. बटणताईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती कात्री. बाकी काही तिनं कधी मागितलं नाही, आणि न मागता तिला कुणी काही दिलंही नाही.

आता ही कात्री मिळवायची त्या दुकानातली रीत ऐका. कापायच्या टेबलावर जाड कापड ताणून बसवलेलं असे. वर्षातून एकदा ते जुनं कापड काढून नवं घालत. जुनं निघालं की खालचं नुसतं लाकूड उघडं पडे, आणि त्या लाकडावर मास्तर खडूनं आकडे लिहीत. एक, दोन, तीन, असे ओळीनं. ज्याला कात्री हवी त्यानं आत जायचं, दार लावून घ्यायचं, आणि कोणतेही दोन आकडे पुसून त्यांच्या जागी त्यांच्यातला फरक लिहायचा. नऊ आणि चार पुसले, तर पाच लिहायचा. मग पुन्हा कोणतेही दोन पुसायचे, पुन्हा फरक लिहायचा. असं करता करता शेवटी एकच आकडा उरतो. तो शून्य असला तर कात्री तुमची. नसला तर मुकाट बाहेर या आणि वर्षभर सुई ओढा. आजोबा म्हणत, आकडे मिटवताना ज्याचं डोकं मागे काही उरू देत नाही, त्याच्या कापडातही चिंधी उरत नाही. ऐकायला किती छान! खेळायचं एकट्यानं, बंद दाराआड, त्यामुळे कुणी कोणते आकडे पुसले ते दुसऱ्याला दिसत नसे. दिसे तो फक्त उरलेला आकडा.

बटणताई सोळा वर्षांची झाली तेव्हा तिनं धीर करून सांगितलं, मलाही खेळायचंय. दुकानात खसखस पिकली. मास्तर मात्र हसला नाही. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, खेळू दे की, भावाची पोर आहे. रिवाज बारा आकड्यांचा आहे, पण पोरीच्या जातीला बारा कशाला? हिला दहाच लिहितो. सगळे म्हणाले, वा मास्तर, मन असावं तर असं. मशीनवर बसणाऱ्या मावशी तेव्हा तरुण होत्या, त्यांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. बटणताईच्याही आलं. मूर्ख पोर! तिला वाटलं, काका वरून कितीही फणसासारखा असला तरी आतून आपला आहे.

ती आत गेली. दहा आकडे पुसत पुसत शेवटी टेबलावर उरला एक. मास्तरानं येऊन पाहिलं, च्च् केलं, म्हणाला, एवढ्यासाठी हुकलीस बघ.

एवढ्यासाठी! हेच तर तिला खात राहिलं. नऊ उरले असते, सात उरले असते, तर तिनं नाद सोडला असता. पण दरवर्षी एकानं हुकायचं म्हणजे काय? कधी तीन उरायचे, कधी घाई केली तर पाच, पण नीट डोकं लावलं की हमखास एक. वर्षभर ती सराव करायची. फरशीवर खडूनं, धुकं बसलेल्या काचेवर बोटानं, पापुद्रे सुटलेल्या भिंतीवर नखानं. मोठे आधी पुसून पाहिले, लहान आधी पुसून पाहिले, मधूनच सुरुवात करून पाहिली. एक, एक, एक. आणि दरवर्षी मास्तर येऊन च्च् करायचा, मला तर पहिल्याच फटक्यात आलं होतं म्हणायचा, काकू जेवताना म्हणायच्या, डोक्यात भुसा असला की असंच व्हायचं, आणि ही खाली मान घालून घास गिळायची. तिला मनापासून वाटे की आपलंच डोकं थोटं. आपल्याला सवलत दिली, तरी जमत नाही.

कारण तोवर मास्तरांच्या मुलानं कात्री मिळवली होती. हा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. कामावरच्या बाया त्याला मागून युवराज म्हणत, आणि पुढून काहीच म्हणत नसत, कारण त्याला ऐकायची सवय नव्हती. युवराजाला बापानं बाराच्या बारा आकडे लिहून दिले. हा आत गेला आणि कपभर चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर आला. टेबलावर शून्य! पुढे वर्षभर त्यानं त्या शून्याचं कौतुक सांगितलं. मला बारा होते, हिला दहाच, म्हणायचा. आणि हिला वाटायचं, खरंच की. जिला दहा झेपत नाहीत, तिनं बाराच्या वाटेला तरी कशाला जावं? म्हणून तिनं घरच्या फरशीवरसुद्धा बारा आकडे कधी लिहून पाहिले नाहीत. मला या गोष्टीतला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर याचा.

युवराज कापायचा कसा, ते विचारू नका. एक बाही कोपरावर, दुसरी बोटांवर. पाठीचा भाग पोटाला आणि पोटाचा पाठीला. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की याचा चेहरा असा, की चूक गिऱ्हाइकाच्या अंगाची आहे. मग तो कपडा यायचा बटणताईच्या मांडीवर. तिनं कुठे चुणी घालावी, कुठे आतून पट्टी जोडावी, कुठे बटण अर्धं बोट सरकवावं, आणि त्याचा गाढवपणा झाकावा. झाकलेलं दिसत नाही, म्हणून त्या झाकण्याचं नाव कधी कुणी घेतलं नाही. म्हातारा होत चाललेल्या मास्तराचा हात थरथरायला लागला तेव्हा तर सगळं कापणं युवराजाकडे आलं, आणि सगळं झाकणं हिच्याकडे.

एके दिवशी शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. त्यांचा कोट तिसऱ्यांदा दुरुस्तीला आलेला, आणि बाई मुळातच तापट. बटणताई गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, त्यांच्या कोटाची खालची कड सारखी करत होती. बाई वरून बोलत होत्या, तुम्हा लोकांना साधं मोजता येत नाही का, दोन बाह्या सारख्या असाव्यात हे कळायला शाळा लागते का. बटणताईनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि सहज विचारावं तसं तो दहा आकड्यांचा खेळ सांगितला. म्हणाली, बाई, तुमचं गणित चांगलं, शून्य कसं आणायचं ते सांगाल का? मला जरा घरी हवंय.

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. विचार करायला त्यांना टाचणी टोचण्याएवढाही वेळ लागला नाही.

"कसं आणायचं काय? येणारच नाही. एक ते दहात विषम आकडे किती? एक, तीन, पाच, सात, नऊ. पाच झाले. आता दोन आकडे पुसायचे. दोन्ही विषम असले, तर फरक सम येतो, म्हणजे दोन विषम गेले. एक सम, एक विषम असला, तर फरक विषम, म्हणजे एक गेला आणि एक आला. दोन्ही सम असले, तर विषमांना धक्काच नाही. म्हणजे विषम आकडे एक तर तेवढेच राहतात, नाहीतर दोनानं कमी होतात. पाचाचे तीन, तिनाचा एक. एकाच्या खाली जाणार कसे? शेवटी उरेल तो विषमच. आणि शून्य सम आहे. चौथीतली पोरगी सांगेल हे."

बटणताईच्या हातातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. तिनं त्या गोळा केल्या नाहीत. तिनं एवढंच विचारलं, आणि बारा आकडे असले तर?

"बारात विषम सहा. सहाचे चार, चाराचे दोन, दोनाचे शून्य. येईल की. सरळ शेजारशेजारचे आकडे जोडीनं पुसले तरी येईल. आता माझी बाही बघता का?"

तिनं बाही बघितली. काय बघितली देव जाणे. बाई गेल्यावर ती मागच्या मोरीत गेली, दार लावलं आणि ओल्या फरशीवर खडूनं बारा आकडे लिहिले. बारा-अकरा पुसले, एक. दहा-नऊ पुसले, एक. असे सहा एक झाले, त्यांच्या जोड्या पुसल्या, तीन शून्यं आणि मग एकच शून्य. लहान मुलांनाही सहज शिकवता येईल असा खेळ. तिनं तिथेच भिंतीला डोकं टेकलं. बाहेरून मावशी हाका मारत होत्या, अगं गिऱ्हाईक आलंय. येते म्हणाली, आणि बारा आकडे पुन्हा एकदा लिहिले.

आता तिच्यापुढे एकच प्रश्न उरला. काकाला हे माहीत होतं का? अजाणता दहा लिहिले असतील तर तो नुसता अडाणी. आणि जाणूनबुजून लिहिले असतील तर? या एका गोष्टीवर तिचं सगळं आयुष्य अडकलं होतं, आणि ते विचारायला तिच्याजवळ तोंड नव्हतं.

त्या दिवसापासून तिचं वागणंच बदललं. तिला जिकडेतिकडे सम आणि विषमच दिसायला लागलं. सुलटा सदरा पुन्हा सुलटा होतो तो सम वेळा उलटल्यावर. जिन्यातल्या दिव्याचं बटण खालून-वरून कितीही वेळा दाबा, विषम वेळा दाबलं तरच लागलेला दिवा विझतो. लोक कोडी घालतात, डोकं खाजवतात, आणि त्यातली निम्मी नुसती विषम मोजून मरतात. मशीनवरच्या मावशींना कोड्यांचा भारी नाद. त्यांनी एक जुनं कोडं काढलं, पंधरा बटणं चार खिशांत अशी टाका की प्रत्येक खिशात विषम बटणं येतील. बटणताई फाडकन म्हणाली, चार विषम मिळून सम होतात, पंधरा विषम आहेत, होणार नाही, सोडा. मावशींनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, आणि एका खिशाच्या आत दुसरा खिसा शिवला तर? आतली बटणं दोन्ही खिशांत मोजली जातील की गं. बटणताईनं मनात मोजून पाहिलं. खरंच जमत होतं. तिला असा राग आला की ती दिवसभर मावशींशी बोलली नाही. राग मावशींचा नव्हता. आपण एवढी वर्षं डोकं आपटत बसलो आणि कुठेही चोरखिसा नव्हता, याचा होता.

पुढे मास्तरानं जाहीर केलं की आता आपण थकलो, यंदा टेबलाचं कापड बदललं की दुकान आणि कात्री कायमची मुलाच्या हवाली. त्यानंतर हा खेळ बंद. बटणताईला हवं तर शेवटचं एकदा खेळून घे म्हणावं, नाही कोण म्हणतंय. आणि त्या मुहूर्तासाठी मास्तरानं स्वतःकरता कोटाचं कापड आणलं. असलं कापड त्यानं उभ्या आयुष्यात अंगाला लावलं नव्हतं. दाट विणीचं, गडद निळं, हात फिरवला की हाताला सोडवेना. मालक म्हणून युवराजानं पहिलं कापायचं ते बापाच्या कोटाचं, असं ठरलं.

तो दिवस आला. जुनं कापड निघालं, लाकूड पुसून झालं. मास्तर खडू घेऊन वाकला आणि आकडे लिहू लागला. बटणताई दारात उभी होती, पाठीमागे मावशी, आणि टेबलापलीकडे युवराज, हाताची घडी घालून. दहा लिहून मास्तरानं खडू खाली ठेवला.

"अकरा आणि बारा राहिले, काका," बटणताई म्हणाली.

मास्तर म्हणाला, तुला दहाच असतात. ती म्हणाली, यंदा सवलत नको. मावशी मधेच म्हणाल्या, लिहा की मास्तर, जास्त मागतेय बिचारी, कमी तर नाही मागत. युवराजाला तर हसू आवरेना. म्हणाला, लिहा बाबा, दहात जिचे दात घशात जातात ती बारात काय दिवे लावणार, होऊ दे करमणूक. या शहाण्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्याला इतकी वर्षं वाटत होतं की ते शून्य त्याच्या अकलेचं होतं.

मास्तर मुलावर असा खेकसला की युवराजाच्या हाताची घडी सुटली. आणि मग मास्तरानं जे केलं त्यावरून बटणताईला हवं ते उत्तर मिळालं. त्यानं तो खडूचा तुकडा उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला. नुसते दोन आकडे लिहायचे होते. एका बाईला हरण्यासाठी आणखी दोन आकडे. पण तो लिहीना.

आपल्या स्टुलाजवळ तिचा स्वतःचा खडू होता, बटणांच्या खुणा करायचा. तिनं तो आणला आणि दहाच्या पुढे अकरा लिहिला, बारा लिहिला. दार उघडंच राहू दिलं. सगळ्यांच्या देखत बारा-अकरा पुसले, दहा-नऊ पुसले, आठ-सात, सहा-पाच, चार-तीन, दोन-एक. मग सहा एकांच्या जोड्या. शेवटी टेबलावर शून्य उरलं. ते तिनं चांगलं ठळक गिरवलं. युवराज टेबलाकडे बघत राहिला. त्यानंही तेव्हा असेच पुसले होते, अगदी असेच, आणि तेवढं त्याला आत्ता आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला. मावशींनी तोंडाला पदर लावला.

मग तिनं बाहीनं सगळं पुसलं, पुन्हा एक ते दहा लिहिले आणि खडू मास्तरापुढे धरला.

"आता हे तुम्ही करा, काका. तुम्हाला पहिल्याच फटक्यात आलं होतं ना?"

मास्तरानं खडू घेतला नाही. तो त्या दहा आकड्यांकडे बघत होता. बोलला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, गिऱ्हाइकांसाठीचाही नाही आणि कामगारांसाठीचाही नाही.

"दहाला येत नाही."

"ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. माझ्या बापानं मला दहाच लिहून दिले होते. तू लहान आहेस, तुला सोपं, म्हणाला. थोरल्याला बारा. तुझ्या बापाला. तो गेला हसत आणि आला हसत. मी सात-आठ वर्षं खेळलो त्या टेबलावर."

"मग कात्री कशी मिळाली तुम्हाला?"

"तुझा बाप मेला म्हणून मिळाली," मास्तर म्हणाला. "नाहीतर मीही दाराजवळच्या स्टुलावर असतो."

तुम्हाला वाटेल, आता त्या म्हाताऱ्याची कीव यावी. बटणताईला आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही येत नाही. ज्याला हे दुखणं ठाऊक होतं, ज्याला रोज उशी चावून झोपावं लागलं होतं, त्यानं तेच दुखणं उचलून एका पोरक्या पोरीच्या पदरात घातलं, आणि वर लोकांकडून मोठ्या मनाचा म्हणवून घेतलं. भाऊ हाती लागत नव्हता, मग भावाची पोर. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मास्तर थोडा पुढे वाकला. त्याचे डोळे अजून त्या आकड्यांवरच होते.

"का येत नाही ते मला कधी कळलं नाही," तो म्हणाला. "बारा आणि दहात काय फरक आहे? तुला कळलंय. सांग."

एका वाक्यात सांगता आलं असतं. विषम मोजा काका, पाच आहेत, पाच कधी जोडीनं संपत नाहीत. तेवढंच. म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं कोडं तिथल्या तिथे सुटलं असतं, आणि ते मागताना त्याचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता. बटणताईनं तो चेहरा नीट बघून घेतला.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

मग तिनं भिंतीवरच्या खिळ्याची ती काळी कात्री काढली. युवराज पुढे सरसावला, पण मावशींनी त्याचा दंड धरला. कोणत्या हक्कानं धरला कुणास ठाऊक, पण तो थांबला. फळीवरचं निळं कापड बटणताईनं टेबलावर टाकलं, त्या दहा आकड्यांवरच. चुण्या हातानं सारख्या केल्या. मास्तराच्या खांद्यांकडे एकदा पाहिलं, बापानं पाहावं तसं पाहायचा प्रयत्न केला, आणि खडूनं रेघ ओढली. अंगठा कात्रीत घातला. कात्री तिला वाटली होती त्याहून खूप जड निघाली.

ती कापायला लागली. पहिली एक वीत रेघेवरून सरळ गेली. मग पात्यांनी ओढ घेतली. ज्या हातानं जन्मभर सुई धरली त्याला हे वजन पेलेना, मनगट वळलं, आणि कात्री रेघ सोडून आतल्या बाजूला घुसली. तिला दिसत होतं. ती थांबवायला गेली तर आणखी घुसली. सोळाव्या वर्षी हा हात शिकला असता. आता तो शिकायला तयार नव्हता. विषम-समाचं गणित कितीही चोख असलं, तरी ते मनगटाला गेलेली वर्षं परत देत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी टपकलं आणि निळ्या कापडावर पडून काळं दिसलं.

मास्तरानं ते पाहिलं. त्याच्या आवाजात पुन्हा जान आली.

"वाकडं गेलं," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला बरं वाटलेलं सगळ्यांना दिसलं.

बटणताईनं मान वर केली नाही. दोन्ही हातांनी कात्री पकडली आणि पाती पुन्हा कापडात घातली.

"जाऊ दे की," ती म्हणाली. "कापड तुमचंच आहे."